चहानंतर काही नाही

१

हेटी सग्डनच्या बाहीवर जॅम होता.

आधी तो इस्पितळातल्या सिस्टरला दिसला आणि मग सोबत आलेल्या थेल्मा क्रॅबट्रीला. निळ्या लोकरी स्वेटरच्या उजव्या बाहीवर, मनगटाच्या जरा वर, नखाएवढा जर्दाळूचा जॅम आणि त्याला चिकटलेला पावाचा चुरा. सिस्टरनं हातातला कागद खाली ठेवला.

"शेवटचं कधी खाल्लंय म्हणालात?"

"काल, चहाला," थेल्मा म्हणाली. "त्यानंतर काही नाही. सगळ्यांना विचारून निघालेय मी."

सिस्टरनं जॅमला बोट लावून पाहिलं. ओला होता.

चाकाच्या खुर्चीत बसलेल्या हेटीला यातलं काहीच कळत नव्हतं. कुणीतरी आपल्या हाताला हात लावतंय, एवढं कळून ती हसली आणि अख्ख्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझा चहा झाला हं!"

भूल देणारे डॉक्टर आले, त्यांनी बाही पाहिली आणि मान हलवली. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते वर येऊन फुप्फुसात जायची भीती असते. आज शस्त्रक्रिया नाही.

"डॉक्टर, दुसऱ्यांदा होतंय हे," थेल्मा म्हणाली.

"मलाही आठवतंय." सप्टेंबरात याच दालनात हेटीनं खिशातून पावाची कड काढून त्यांनाच देऊ केली होती. डॉक्टर चिडलेले नव्हते, दमलेले होते. "चार नोव्हेंबर, गुरुवार. ही तिसरी तारीख मी माझ्या जबाबदारीवर देतोय. त्या दिवशीही हे झालं तर नाव यादीतून जाईल. मग पुन्हा तुमच्या गावच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीपासून सुरुवात. वर्ष तर सहज जाईल."

हेटीकडे वर्ष नव्हतं. चौऱ्याऐंशी वय, डोकं हळूहळू विरत चाललेलं. मोतीबिंदू काढताना स्वस्थ पडून राहणं तिला जमणार नव्हतं, म्हणून पूर्ण भूल द्यावी लागणार होती, आणि पुढच्या वर्षी ती भूल तिला झेपेल असं कुणी सांगू शकत नव्हतं.

पण खरी गोष्ट डोळ्यांची नव्हतीच. हेटी सदतीस वर्षं हॉलिनडेनच्या कापडगिरणीत मागावर होती. मागांच्या खडखडाटानं तिचे कान चाळिशीतच गेले. गिरणीतल्या सगळ्याच बायकांचे जात. त्या एकमेकींशी ओठांनी बोलत, आवाज न करता, दहा मागांच्या पलीकडून. डोळे होते तोवर हेटीला बहिरेपण कधी जाणवलंच नाही. मोतीबिंदू दाटला तसे समोरच्यांचे ओठ धुक्यात गेले, आणि दोन वर्षांत ती बाई भिंतीआड गेल्यासारखी झाली. कुणी तिच्या हातात कप दिला की प्यायची, उठवलं की उठायची. ती डोळा मागत नव्हती, माणसांचं बोलणं परत मागत होती, आणि तेही तिला नीट सांगता येत नव्हतं.

परतीच्या गाडीत थेल्मानं तिचा हात धरून ठेवला. एक गोष्ट मात्र आता स्पष्ट होती. हेटीला खाऊ घालणारं माणूस बाहेरचं नव्हतं. ते टेंटरक्रॉफ्ट वृद्धनिवासाच्या छपराखालीच राहत होतं, किंवा रोज तिथं कामाला येत होतं.

२

टेंटरक्रॉफ्ट हे पालिकेचं वृद्धनिवास. टेकडीच्या उतारावर, जिथं पूर्वी धुतलेलं कापड ताणून वाळत घालत, तिथं बांधलेलं. थेल्मा तिथली नोकरदार नव्हती. एकतीस वर्षं तिनं पालिकेसाठी म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन केरवारे, चुली, औषधं, आंघोळी सगळं केलं होतं. निवृत्त झाल्यावर पालिकेनंच तिला विचारलं, इस्पितळात जाणाऱ्यांबरोबर सोबतीला जाल का? तेव्हापासून गळ्यात ओळखपत्र अडकवून ती आठवड्यातून तीनदा कुणा ना कुणाचा हात धरून रांगेत बसायची. हरवलेल्या वस्तू शोधून काढण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. कवळ्या, अंगठ्या, मृत्युपत्रं. लोक काय कुठे लपवतात हे केर काढणाऱ्या बाईला कळतं.

निवासप्रमुख जोन फेअरबँक कचेरीत डोकं धरून बसली होती.

"अमॉस," ती म्हणाली. "दुसरं कोण? पाच नोव्हेंबरची शेकोटीची रात्र जवळ आली की त्याची भाची आल्याच्या केकचा डबा पाठवते, आणि तो गुपचूप हेटीला भरवतो. मागच्या वेळी मी त्याला बजावलं होतं."

"या वेळी डबा कुठं होता?"

"इथं, माझ्या कपाटात. काल दुपारपासून. किल्ली माझ्या गळ्यात."

"मग अमॉस कसा?"

जोननं गळ्यातली किल्ली चाचपली. "सगळं तर केलं गं मी! इस्पितळातून फोन आला, त्या बाईनं जे सांगितलं ते शब्दन् शब्द फळ्यावर लिहिलं. लांबलचक सूचना कोण वाचणार? म्हणून ठळक अक्षरात, तिच्या दारावर. तूच बघ."

थेल्मानं जाऊन पाहिलं. हेटीच्या दारावर पांढरी पाटी, आणि तिच्यावर जोनचं टपोरं अक्षर: हेटी. गुरुवारी शस्त्रक्रिया. चहानंतर काही नाही.

यापेक्षा स्पष्ट काय लिहायचं?

अमॉस पिकल्स बैठकीच्या खोलीत खिडकीशी बसला होता. शहाऐंशीचा, गिरणीतला जुना जॉबर. विणणाऱ्या बायकांचे माग बिघडले की दुरुस्त करणं हे जॉबरचं काम, आणि जॉबर कसे बिनडोक असतात याचे किस्से सांगणं हा विणणाऱ्या बायकांचा छंद.

"आलीस का चौकशीला, पोरी?" तो म्हणाला. "जोननं पाठवलं असेल. हातकड्या आणल्यास का?"

"जॉबरला कशाला हातकड्या, अमॉसकाका? किल्ली शोधण्यातच तुमचा दिवस जाईल."

"तुझी आई अगदी असंच बोलायची. माझ्या हाताखाली चार माग होते तिच्याकडे. मला शिव्या द्यायची, त्याही आवाज न करता. आणि अख्ख्या खात्याला ऐकू जायच्या."

थेल्मा हसली. मग तिनं खुर्ची जवळ ओढली. "काका, खरं सांगा. तुम्हाला ही शस्त्रक्रिया नकोय ना?"

"नकोय," तो म्हणाला. "माझ्या बायकोला, एडाला, असंच भूल देऊन आत नेलं. साधं पित्ताशयाचं होतं. मी बाहेर टोपी हातात घेऊन बसलो, आणि टोपी हातात घेऊनच घरी आलो. हेटीला काही झालं तर या खोलीत माझ्याशी भांडणारं कोण उरलं?"

"म्हणून खायला दिलंत?"

"नाही!" त्यानं काठी आपटली. "मनात आलं होतं. केलं नाही. तिच्या बोलण्याशिवाय मलाही करमत नाही, हे तुला कळत नाही का? काल चहाला मटण-कांदा भरून भाजलेली पाई होती. तिच्या ताटलीतली मीच कापून दिली. चहानंतर मी तिच्या तोंडाला काही लावलं नाही. घे माझी शपथ."

थेल्मा उठली. ती दारापर्यंत पोचली तेव्हा मागून त्याचा आवाज आला, जरा नरम.

"पोरी, आज सकाळी पाव भाजल्याचा वास आला. माझी खोली तिच्याखालीच आहे. सात वाजायचे होते. मी म्हटलं, डॉट आज लवकर आली वाटतं."

थेल्मा जागीच थांबली. स्वयंपाकीण डॉट ग्रीनवूड आठच्या आधी कधीच येत नसे.

३

"माझ्यावर आळ घ्यायला आली असशील तर आधी हात धू, कणीक लागलीय टेबलाला," डॉट म्हणाली. ती दिसायला दणकट होती आणि बोलायला त्याहून.

"तुझ्यावर कोण आळ घेईल? मला तुझ्या जॅमबद्दल विचारायचंय."

"जॅम?"

"कसला असतो?"

"स्ट्रॉबेरीचा. मोठे डबे येतात पालिकेकडून. बावीस वर्षं तोच. लोकांना वाटतं मला दुसरा माहीतच नाही."

"जर्दाळूचा?"

डॉटनं लाटणं थांबवलं. "त्या छोट्या डब्या? त्या वरच्या मजल्यावर. तिथं किटली, पाव आणि भाजायचं यंत्र ठेवलेलं असतं ना, कुणाला अवेळी भूक लागली तर. इथून चहानंतर काही बाहेर जात नाही, बाई. सहाला मी भांडी आवरते, कुलूप घालते आणि घरी जाते. आज सकाळी आठला कुलूप जसंच्या तसं."

"आणि हेटीला काल चहाला काय दिलंस?"

"पाई, वाटाणे, वर थोडं कस्टर्ड. म्हटलं, उद्या उपाशी राहायचंय, पोटभर जेवू दे. ताटली चाटून साफ केली तिनं." डॉटचा आवाज बदलला. "थेल्मा, मी तिच्या ताटलीवर हसरं तोंड काढते सॉसनं. दोन वर्षांपूर्वी ती ते बघून मला ओठांनी काहीतरी वाईट बोलायची, आणि मी खूश व्हायचे. आता तिला तोंड दिसतच नाही. मी तरीही काढते."

थेल्मानं तिच्या पिठाळ हातावर हात ठेवला आणि ती धुलाईच्या खोलीकडे गेली. तिथं निळ्या स्वेटरची गोष्ट पाच मिनिटांत कळली. तो बुधवारी धुऊन, वाळवून, दारामागच्या खुंटीवर टांगून ठेवला होता. रात्रीच्या बाईनं तो तिथंच पाहिला होता. पहाटेच्या पाळीतल्या मुलीनं पावणेसातला हेटीच्या अंगात घातला, तेव्हा तो स्वच्छ होता.

म्हणजे जॅम पावणेसातनंतर लागला. गाडी साडेसातला आली. डॉट तोवर आली नव्हती. अमॉस गुडघ्यांमुळे कुणी मदतीला गेल्याशिवाय पलंगावरून उठू शकत नव्हता, वरचा जिना तर दूरच. जोन साडेआठला येते. त्या पाऊण तासात वरच्या मजल्यावर फिरणारं माणूस एकच होतं.

थेल्मानं जोनला हे सांगितलं तेव्हा जोनचा चेहरा पडला.

"रुतेंडो," ती म्हणाली. "माझी सगळ्यात चांगली मुलगी."

४

रुतेंडो झिम्बाब्वेहून आली होती. सहा महिने झाले होते टेंटरक्रॉफ्टला. पहाटे सहा ते दुपारी दोन, रोज तीच पाळी, कारण दुपारनंतर ती शहरात परिचारिकेच्या शिक्षणाला जायची. म्हाताऱ्या बायका तिच्या हाताखाली आंघोळीला भांडण न करता जात, ही गोष्ट डॉटसुद्धा मानायची.

ती जोनच्या कचेरीत खुर्चीच्या कडेवर बसली. जोननं विचारण्याआधीच म्हणाली, "मला कळलंय काय झालंय ते. हेटीआजी परत आल्या. मी त्यांना घालून दिलेला स्वेटर मीच आत्ता धुवायला टाकला."

"सकाळी तू एकटीच होतीस वर," जोन म्हणाली.

"हो."

"पाटी वाचली होतीस?"

"दोनदा वाचली. रात्रीच्या बाईनंही सांगितलं. चहानंतर काही नाही." तिनं थेल्माकडे पाहिलं. "थेल्माआजी, माझ्या आईची शपथ, चहानंतर मी त्यांना पाण्याचा थेंबसुद्धा दिला नाही. त्यांनी मागितलं. पेला शोधायला हात फिरवत होत्या टेबलावर. मी त्यांचा हात धरून बसले, पण दिलं नाही. रडू आलं मला."

"आणि सप्टेंबरात?"

"तेव्हाही. तेव्हाही चहानंतर काहीच नाही."

थेल्मा तिच्याकडे नीट बघत होती. एकतीस वर्षांत खोटं बोलणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती. दारूची बाटली लपवणारे नवरे, गोळ्या गिळल्या म्हणून सांगून कुंडीत टाकणाऱ्या आज्या, आईचा सोन्याचा हार 'ठेवायला' नेणारे मुलगे. खोटं बोलणारा माणूस कधी फार बघतो, कधी अजिबात बघत नाही. ही मुलगी साधीच बघत होती, आणि तिच्या बोटांना अजून हेटीच्या केसांच्या तेलाचा वास येत होता.

रुतेंडो गेल्यावर जोननं दार लावलं. "काय करू? वर कळवलं तर चौकशी बसेल. तिला घालवतील. नाही कळवलं आणि चार तारखेला पुन्हा झालं, तर हेटी गेली. निदान त्या दिवशी तरी तिची पाळी बदलते."

"बदल. पण मग हेटीला पावणेसातला कोण उठवणार? नवीन माणसाचा हात लागला की ती ओरडते. गाडीत बसवेपर्यंत थरथर कापेल. तशा अवस्थेत भूल देतील?"

जोननं पाळ्यांचं पत्रक बाजूला सारलं.

"मला थोडे दिवस दे," थेल्मा म्हणाली.

घरी जाताना ती चढावर दोनदा थांबली, आणि दोन्ही वेळा दम लागला म्हणून नाही. अमॉस खरं बोलत होता. डॉट खरं बोलत होती. ती मुलगी तर आईची शपथ घेऊन खरं बोलत होती. चौथी साक्ष खुद्द हेटीची, तीही खरीच असणार, कारण हेटीला आता खोटं रचता येत नव्हतं. टेंटरक्रॉफ्टमध्ये कुणीही खोटं बोलत नव्हतं, आणि तरी बाहीवर जॅम होता.

५

एक नोव्हेंबरला, सोमवारी, थेल्मा सकाळी सव्वासातलाच टेंटरक्रॉफ्टला पोचली. दरीत धुकं होतं. तिनं जोनला सांगितलं नव्हतं की येणार आहे, आणि काय शोधायला आली हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. पावाचा वास येतो का, एवढंच बघायचं होतं.

वरच्या मजल्यावर सगळं शांत होतं. रुतेंडो छोट्या टेबलाशी उभी राहून पिशवी उघडत होती. तिला पाहून दचकली, मग हसली.

"या ना, आजी. बसा. माझा चहा व्हायचाय अजून. चौघींना तयार केलं, आता दहा मिनिटं आहेत. तुमचा झाला?"

"घेईन की कपभर."

रुतेंडोनं किटली लावली. मग पिशवीतून एक एक वस्तू बाहेर यायला लागली. जाड कापलेल्या पावाचे चार तुकडे, त्यांवर शेंगदाण्याचं लोणी. उकडलेलं अंडं. उकडलेलं रताळं, सालासकट. तिनं सगळं बशीत मांडलं, अर्धं थेल्मापुढं सरकवलं आणि हात जोडून क्षणभर डोळे मिटले.

थेल्मा बशीकडे बघत होती.

"हे काय गं?"

"चहा," रुतेंडो म्हणाली.

"हा चहा," थेल्मानं कपाकडे बोट केलं. "आणि हे?"

"हे पण चहाच. म्हणजे सगळं मिळून." तिला प्रश्नच कळला नव्हता. "माझी आई म्हणते, चहा न घेता घराबाहेर पडायचं नाही. शाळेत जायच्या आधी चहा. पाव असेल तर पाव, नसेल तर रताळं. मग दुपारचं जेवण, आणि अंधार पडला की मक्याच्या पिठाची उकड. तुमच्याकडे नाही का घेत सकाळी चहा?"

थेल्मानं कप बाजूला सारला.

"पोरी," ती हळूच म्हणाली, "तू इथं कधी संध्याकाळी थांबलीयेस? पाच वाजता? एकदा तरी?"

"नाही. दोनला माझी बस असते."

"गेल्या वेळी, गुरुवारी सकाळी, तू हेटीला चहा दिलास?"

"दिला की!" रुतेंडोचा चेहरा उजळला. "पाटीवर होतं ना, चहानंतर काही नाही. म्हटलं, बिचारीला दिवसभर उपाशी राहायचंय. म्हणून भरपूर दिला. पाव भाजून, जर्दाळूचा जॅम लावून, दोन कप दुधाचा चहा. सप्टेंबरात घाईत कमी दिला गेला होता, त्याचं मला वाईट वाटलं होतं. सात वाजता सगळं उचललं. आणि त्यानंतर काहीच..."

तिचं वाक्य तिथंच राहिलं. थेल्मा उठून उभी राहिली होती, आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी जिना उतरताना कठडा न धरता पळत होती.

६

साडेआठला जोन आली तेव्हा तिचा कोटही काढून होऊ दिला नाही थेल्मानं. भोजनगृहात अमॉसला त्याच्या खुर्चीसकट आणलं होतं. डॉट हात पुसत उभी होती. रुतेंडो दाराशी, भेदरलेली.

"मी एकच प्रश्न विचारणार आहे," थेल्मा म्हणाली. "मध्ये कुणी बोलायचं नाही. डॉट, चहा किती वाजता?"

"पाचला. बावीस वर्षं पाचला. डोकं फिरलं का तुझं?"

"अमॉसकाका?"

"पाच. आणि उशीर झाला की ही बाई ओरडते."

"जोन?"

"पाच," जोन म्हणाली, आणि मग तिचा हात आपोआप तोंडाकडे गेला. तिला कळायला सुरुवात झाली होती.

"रुतेंडो?"

"सकाळी सातला," रुतेंडो म्हणाली.

डॉट हात पुसायची थांबली.

"इस्पितळातून फोन करणारी बाई आपल्याच दरीतली," थेल्मा म्हणाली. "ती म्हणाली, चहानंतर काही नाही. म्हणजे पाचचं जेवण झालं की संपलं. तू तेच लिहिलंस, जोन. डॉटनं वाचलं, अमॉसकाकांनी वाचलं, मी वाचलं. सगळ्यांना कळलं. आपण जन्मभर संध्याकाळच्या जेवणाला चहा म्हणतो. आणि या पोरीनं ते वाचलं. तिच्या घरी चहा म्हणजे सकाळची न्याहारी. तिनं पाटीवरचा शब्दन् शब्द पाळला. आधी चहा दिला, आणि मग पाण्याचा थेंब दिला नाही. आपण तिला विचारलं, चहानंतर काही दिलंस? ती म्हणाली नाही. न्याहारी दिलीस का, हे कुणीच विचारलं नाही, कारण खालचं भोजनगृह उघडायच्या आत हेटी निघून गेली होती. हेटीसुद्धा इस्पितळात सांगत होती, माझा चहा झाला. आम्ही समजलो, कालचा."

"म्हणजे मीच," रुतेंडो म्हणाली. "दोन्ही वेळा मीच."

"नाही." जोन उभी राहिली. ती लाल झाली होती, मानेपर्यंत. "मी. घड्याळाची वेळ लिहायचं सोडून मी गावच्या बोलीत लिहिलं आणि वर अमॉसचा डबा कपाटात कोंडला. रुतेंडो, मी तुझी पाळी बदलणार होते. मला माफ कर."

"आणि माझा डबा?" अमॉसनं विचारलं.

"आत्ता आणते."

"आत्ता नको, चहाला आण," तो म्हणाला. मग दाराकडे वळून, "पाचच्या चहाला हं, पोरी. तुझ्या सातच्या नव्हे." आणि आपल्याच विनोदावर इतका हसला की डॉटला त्याची पाठ थोपटावी लागली. रुतेंडो रडता रडता हसली.

त्याच दुपारी जोननं पाटी पुसून नवीन लिहिली. बुधवार रात्री बारानंतर अन्न नाही, दूध नाही. गुरुवार सकाळी सहानंतर पाणीही नाही. खाली घड्याळाची दोन चित्रं. मग ती पाटी रुतेंडोला मोठ्यानं वाचायला लावली, डॉटला वाचायला लावली, आणि अमॉसनं न सांगताच वाचली.

"चार तारखेला सकाळी कोण असणार?" थेल्मानं विचारलं.

"मी," रुतेंडो म्हणाली, आणि जोन मान डोलावून हसली.

७

चार तारखेला हेटीच्या दोन्ही बाह्या स्वच्छ होत्या. सिस्टरनं त्या उलटसुलट करून पाहिल्या, खिशात हात घालून पाहिला आणि मग थेल्माकडे बघून डोळे मिचकावले. सव्वादहाला हेटीला आत नेलं.

बाहेरच्या बाकावर थेल्माजवळ अमॉस बसला होता. त्यानं हट्टानं गाडीत जागा मागून घेतली होती, आणि चालकानं खुर्ची चढवायला दहा मिनिटं जास्त घेतली तरी कुरकुर केली नव्हती. म्हाताऱ्याच्या हातात टोपी होती. थेल्मानं ती काढून घेतली, आपल्या मांडीवर ठेवली आणि त्याचे दोन्ही हात धरले. तिला आईच्या शेवटच्या वर्षाची आठवण झाली. तेव्हा अशी सोबत नव्हती, गाडी नव्हती. दोन बसगाड्या बदलून, कुबड्यांवर, पावसात, आई तारीख चुकवायची आणि इस्पितळ नाव खोडायचं. आणि आता एका म्हातारीच्या एका डोळ्यासाठी चालक, स्वयंपाकीण, जोन, जगाच्या दुसऱ्या टोकाहून आलेली एक मुलगी, दोनदा निराश होऊनही तिसरी तारीख देणारा डॉक्टर. एवढी माणसं एका म्हातारीला हातांवर उचलून दारापर्यंत आणत होती. थेल्मा देवळात फारशी जात नसे. पण त्या बाकावर तिनं एकेकाचं नाव मनातल्या मनात घेतलं.

पावणेबाराला सिस्टर बाहेर आली. "जागी झाली. खायला मागतेय."

अमॉसनं थेल्माच्या मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर चढवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परिचारिका टेंटरक्रॉफ्टला पट्टी काढायला आली. खिडकीशी उजेडात हेटीला बसवलं. रुतेंडो तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभी राहिली, म्हणजे ती बिथरणार नाही. थेल्मा समोर गुडघ्यांवर बसली, हेटीच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर.

पट्टी निघाली. औषधाचा थेंब पडला. हेटीनं डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. मग तो उघडाच राहिला, निळा, पाण्यानं भरलेला, आणि थेल्माच्या तोंडावर खिळला.

थेल्मानं आवाज केला नाही. आईला बोलताना पाहिलं होतं तसं, ओठ ताणून, एकेक अक्षर मोठं करून, ती म्हणाली, "हेटी, मी काय बोलतेय ते कळतंय का?"

हेटीच्या कपाळावर आठी पडली. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिचे ओठ हलले आणि आवाज आला नाही. गिरणीतल्या बायका बोलत तशी, दहा मागांच्या पलीकडच्या कुणाशी बोलावं तशी ती बोलली.

"काय म्हणाल्या त्या?" रुतेंडोनं घाबरून विचारलं. "दुखतंय का त्यांना?"

थेल्माला हसू आणि रडू एकदमच आलं, म्हणून सांगायला थोडा वेळ लागला.

"म्हणतेय, एवढं ओरडू नकोस. मी काही बहिरी नाही."